कापलेला दोर

त्यांनी मला घर दिलं ते मी मासे काट्यांसकट खाते म्हणून. न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात कागदपत्रं करायची नोकरी लागली होती आणि मी उलव्यात खोली शोधत होते. आठवडाभरात सात-आठ खोल्या पाहिल्या. सगळीकडे आधी विचारत, एकटीच राहणार का, मग गाव कुठलं, मग आडनाव. आडनाव सांगितलं की समोरच्याला हटकून आठवायचं, खोली पुतण्यासाठी ठेवलेली आहे.

हे म्हातारे घरमालक मात्र बिल्डिंगच्या जिन्यात पहिल्या पायरीवर बसून गळाला दोर बांधत होते. अंगात बनियन, खाली चौकड्याची लुंगी. मान वर न करता म्हणाले, "मासं खातेस काय गो?"

खाते म्हटलं.

"काटं काडून का चावून?"

मी परभणीकडची. आमच्याकडे नदीला मिळतात ते बोटाएवढे मासे, त्यांचे काटे काढत बसलं तर हातात काही राहत नाही. म्हटलं, बारीक असले तर चावून. त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. आडनाव त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. करारपत्राचं काय ते तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या मुलाने नंतर केलं.

सगळी बिल्डिंग त्यांना बाबा म्हणायची. चार मजल्यांची ती बिल्डिंग त्यांच्या गावाच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर उभी होती. गाव विमानतळात गेलं. मुलाचे दोन ट्रेलर बंदरावर चालायचे, सून घर आणि भाडेकरू बघायची, आणि बाबा वर राहायला तयार नव्हते. तळमजल्यावर जिन्यामागे मीटरच्या शेजारी एक अंधारी खोली होती, माझ्या खोलीला लागून. तिथे ते एकटे राहत. वर का नाही जात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "वर पानी यत नाय." मी म्हटलं, अहो, वर तर चोवीस तास पाणी आहे. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की नळातून येतं त्याला मी पाणी म्हणते याची त्यांना कीव आली असावी.

घड्याळ ते वापरत नसत. भिंतीवर कॅलेंडर होतं, ते तिथीपुरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं. चतुर्थी असेल तर तीन वाजता पाणी भरणार, अष्टमीला सहा. सुनेने जेवायला किती वाजता येता म्हणून विचारलं की ते सांगायचे, पाणी अर्धं उतरल्यावर. ती बिचारी ताट झाकून ठेवायची. रात्री जिन्यातला दिवा लावायचा नाही, असा त्यांचा सगळ्या भाडेकरूंना नियम होता. दिव्याने डोळे आंधळे होतात आणि खाडीवर गेल्यावर अंधारातलं दिसत नाही, हे त्याचं कारण. चौथ्या मजल्यावरचे बँकेतले गृहस्थ यावरून रोज चिडायचे. माणसांना ते माशांची नावं द्यायचे. हे बँकवाले म्हणजे बोय, कारण ते कायम कुटुंबासकट घोळक्याने फिरत. मला निवटी म्हणत. निवटी म्हणजे चिखलावर टुणटुण उड्या मारणारा मासा. जरा चाहूल लागली की बिळात. मी ऑफिसातून आले की कुणाशी न बोलता थेट खोलीत शिरायचे, ते त्यांनी बरोबर पाहिलं होतं.

खाडीला ते खारी म्हणत आणि खाडीतल्या मोठ्या जिताडा माशाला जितारा. पकडलेला मासा त्यांनी कधी विकला नाही. सकाळी दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली असायची, आत साफ केलेला शिंगाळा किंवा दोन बोय. आभार मानायला गेलं तर, "कसला मासा? मी नाय दिला," म्हणून दार लावून घ्यायचे. पुढे पुढे पिशव्या कमी झाल्या. खाडीत मासाच राहिला नाही, असं मुलगा म्हणायचा, आणि ते खोटंही नव्हतं. नदी पूर्वी त्यांच्या गावाला वळसा घालून खाडीत उतरायची. गाव उठलं तेव्हा नदीचीही वाट बदलली. आता ती दोन्हीकडच्या दगडी बांधांमधून सरळ येते.

संध्याकाळी ते गच्चीवर येत. तिथून विमानतळाचे दिवे दिसायचे. त्या दिव्यांकडे बोट करून ते मला गाव दाखवायचे. तो पहिला उंच दिवा आहे ना, तिथे विहीर. त्याच्या उजवीकडे देऊळ. आणि ते तीन एका ओळीत आहेत, त्यातला मधला बरोब्बर माझ्या ओट्यावर. ओट्यावर बायको जाळी विणत बसायची. बायको गेली त्याच वर्षी गाव उठलं. एकदा असंच दाखवता दाखवता म्हणाले, "घर हलवलं, देव हलवला, नदी हलवली. भरती तेवडी कोनाला हलवता नाय आली." हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता. गाऱ्हाणं नव्हतं. पुढच्या अडीच वर्षांत त्यांचं बोट एकदाही चुकलं नाही, आणि त्यामुळेच माझ्या काही लक्षात आलं नाही.

त्या मे महिन्यात एका शुक्रवारी ते माझ्या दाराशी आले. दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, रात्री खारीवर येतेस काय. त्यांनी आजवर कुणालाही सोबत नेलं नव्हतं, सख्ख्या मुलालासुद्धा नाही. मला वाटलं हा मान आहे. मी डबा केला, पाण्याची बाटली घेतली आणि निघाले.

पौर्णिमा होऊन दोन दिवस झालेले. द्वितीया म्हणजे भरती दीडला, हिशेब मीच सांगितला तेव्हा ते खूश झाले. नऊच्या सुमाराला आम्ही विमानतळाच्या कुंपणाच्या कडेने बांधाकडे गेलो. मी मोबाईलची टॉर्च लावली, तर बंद कर म्हणाले. ते पुढे, एक हात कुंपणाच्या तारेवरून ओढत, ओठांत काहीतरी पुटपुटत. मला वाटलं देवाचं नाव घेतात. बांधावरून उतरल्यावर खाली चिखल आणि दगडांचा एक लांबट पट्टा ओहोटीत उघडा पडलेला असतो. त्याच्या टोकाला एक मोठा दगड, पुढे खोल पाणी. पन्नास-साठ पावलांचं अंतर. त्या दगडावर ते नेहमी बसत. एका दगडावरून दुसऱ्यावर असे ते बिनचूक गेले आणि मागे मी त्यांच्या पावलावर पाऊल ठेवत. माझा पाय दोनदा घसरला, त्यांचा एकदाही नाही.

काठी-बिठी त्यांच्याकडे नव्हती. हातात नायलॉनचा लांब दोर, टोकाला शिशाचा तुकडा आणि गळ. गळाला जिवंत कोळंबी लावायची. कोळंबी त्यांनी बादलीतून चाचपून काढली, लावली, आणि दोर डोक्यावर गरगरवून सोडला. लांब कुठेतरी टप्‌ असा आवाज आला. तो ऐकून मान हलवली आणि दोर तर्जनीवर घेऊन बसले.

मग तासभर काही नाही. चिखलाचा वास, तिवरांत कसलीतरी खुसफुस, पलीकडे बंदराचा पिवळा उजेड. आमच्याकडे पाणी एकाच दिशेने जातं आणि गेलं की संपतं. इथे ते परत येत होतं, नदीच्या तोंडातून उलटं वर चढत होतं, आणि मला ते बघवत होतंही आणि नव्हतंही. समोर डोंगराच्या वर चंद्र आला होता, थोडा झिजलेला, पण लखलखीत. पाण्यावर त्याचा रस्ता थेट आमच्या दगडापर्यंत आला होता. बाबांचं तोंड त्याच्याकडेच होतं. गालावरच्या पांढऱ्या खुंटांवर उजेड पडला होता.

त्यांनी विचारलं, "चांद वर आला काय गो?"

मी हसले. मला वाटलं गंमत करतात. मग मी त्यांच्याकडे पाहिलं. ते उत्तराची वाट बघत होते.

मी म्हटलं, हो बाबा, आला. किती वर, म्हणाले. मी म्हटलं, दोन हात. मला एकेक गोष्ट आठवत गेली. कुंपणाच्या तारेवरचा हात. ओठांतली ती मोजणी. जिन्यातला बंद दिवा. गच्चीवर अंधारात बरोबर दिव्यांवर जाणारं बोट. मी विचारलं, कधीपासून. म्हणाले, उजवा जाऊन दोन वर्षं झाली, डाव्यातून सकाळचं थोडं दिसतं. मग म्हणाले, आजवर पाणी कुठवर आलं ते दिसायचं, आता फक्त ऐकू येतं. म्हणून तुला आणलं.

मान वगैरे काही नव्हता. त्यांना डोळे हवे होते. आणि ते डोळे मी तासभर चंद्राकडे लावून बसले होते.

तेवढ्यात दोर ओढला गेला. बाबा बसल्या जागेवरून उठले. मासा मोठा होता; त्यांनी एकदाच "जितारा" म्हटलं आणि नंतर त्यांना माझं भानच राहिलं नाही. दोर सोडायचे, थांबायचे, पुन्हा खेचायचे. त्यांच्या तोंडावर मी असा आनंद पूर्वी पाहिला नव्हता आणि पुढेही पाहिला नाही. लांब पाण्यात काहीतरी चांदीसारखं उलटलं, त्याचा आवाज दगडावर फटका मारावा तसा झाला. ते बघून मी मागे वळले, त्यांची जाळीची पिशवी घ्यायला, आणि पाहिलं तर मागे दगडच नव्हते. भरतीने आधी मधला सखल भाग भरला होता. आम्ही आणि बांध यांच्यामध्ये काळं पाणी सरकत होतं.

मी ओरडले, बाबा, मागे पाणी आलं. ते म्हणाले, थांब. मी दंड धरून ओढलं, तर त्यांनी झटकलं आणि माशामागे एक पाऊल पुढे टाकलं. दगड संपला होता. ते मांड्यांपर्यंत चिखलात गेले. पाणी कमरेला, आणि दोर मनगटाला गुंडाळलेला, आणि त्या टोकाला तो मासा त्यांना खोल पाण्याकडे खेचतोय. सोडा म्हटलं, ते सोडेनात. बादलीशेजारी त्यांची सुरी होती. मी ती घेतली आणि दोर कापला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. काखेत हात घालून त्यांना चिखलातून काढलं. टॉर्च लावून एकेक दगड पायाने शोधला. पाणी माझ्या छातीपर्यंत आलं होतं, मला पोहता येत नाही. बांधावर पोचलो तेव्हा माझे दात वाजत होते आणि बाबा शांत होते. ते बांधावर बसले, मनगटावर राहिलेला दोर सोडला आणि त्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. दगडावर घासून तुटलेल्या दोराचं टोक चरबरीत असतं. हे टोक गुळगुळीत होतं. त्यांनी अंगठा दोनदा फिरवला. दोर व्यवस्थित गुंडाळून खिशात ठेवला.

घराजवळ आल्यावर म्हणाले, "पोरांना सांगू नको. त्ये मना वर नेतील." मी म्हटलं, नाही सांगणार. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात चिखलाने माखलेला होता, केसांतला तो चिखल धुवायला मला दोनदा पाणी घ्यावं लागलं.

तेरा दिवसांनी अमावस्या आली. ऐन उधाणाची भरती, रात्री सव्वाअकराला. मी रोज कॅलेंडर बघत होते. त्या तेरा दिवसांत मी त्यांना तीनदा विचारलं, की डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ या, मी रजा घेते. ते हसण्यावारी न्यायचे. त्या संध्याकाळी ते पायरीवर बसून गळाला नवीन दोर बांधत होते, बादलीत कोळंबी आणून ठेवलेली. मी विचारलं, मी येऊ का. ‘नको, तू दोर कापतेस,’ असं काही ते म्हणाले नाहीत. म्हणाले, तुला उद्या ऑफिस आहे.

मी खोलीत गेले. बाहेर त्यांचं बादली उचलणं ऐकलं. ते बाहेर पडल्यावर दार उघडून मी जिना चढायला लागले. जिन्यात अंधार होता. पहिल्या मजल्यावर थांबले. दुसऱ्यावर बराच वेळ थांबले. परत खाली जावं, त्यांच्याबरोबर जावं, असं वाटलं, पण त्या पाण्यात उतरायची मला भीती वाटत होती, हे खरं आहे. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली. मुलाने दार उघडलं. मी म्हटलं, "बाबांना दिसत नाही."

तो वाईट माणूस नव्हता. पुन्हा एकदा सांगायला लावलं, मग मटकन सोफ्यावर बसला आणि तोंड झाकून रडला. मग अनवाणी खाली धावला, मागे मी. बाबा गेटबाहेर कुंपणापर्यंत पोचले होते. त्याने त्यांच्या हातातून बादली घेतली. बाबांनी विचारलं नाही, कुणी सांगितलं. ते वळले आणि माझ्या डाव्या खांद्याच्या जरा पलीकडे बघत उभे राहिले. मी तिथे नव्हते, थोडी इकडे होते. मला वाटलं, सरकून त्यांच्या नजरेसमोर जावं. मी सरकले नाही.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू, गेलेलं येणार नाही. बाबांना तिसऱ्या मजल्यावर नेलं. फ्लॅटच्या दाराला बाहेरून एक कडी आणि आतून एक कुलूप बसवलं. जिन्यात रात्रभर दिवा राहू लागला. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ मला भेटून म्हणाले, तुम्ही फार चांगलं केलंत.

मी पहिल्या महिन्यात तीनदा वर गेले. दोन वेळा ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिसऱ्या वेळी सून चहा करायला आत गेली, तेव्हा ते उठून बसले. माझ्या हातांची हालचाल ऐकत असावेत. अगदी हळू बोलले.

"त्या राती दोर तू कापलास. त्याचं मना काय नाय वाटलं. घाबरलीस, कापलास." मग म्हणाले, "पन ह्ये तू इचार करून केलंस."

मी म्हटलं, बाबा, तुम्ही बुडाला असता.

"बुडालो असतो. त्ये माजं व्हतं." मग ते परत आडवे झाले आणि म्हणाले, "आता वर येऊ नको."

मी गेले नाही. चारेक महिन्यांनी मला करावे गावात खोली मिळाली आणि मी उलवं सोडलं. किल्ली सुनेच्या हातात दिली. बाबा आत होते, दार लोटलेलं होतं. मी आवाज द्यावा की नाही या विचारात तिथे उभी राहिले आणि तेवढ्यात टेम्पोवाल्याने खालून हॉर्न दिला.

थंडीच्या शेवटी सुनेचा फोन आला. बाबा झोपेत गेले. तेराव्याला जेवण होतं, यायलाच पाहिजे म्हणाली. गेले. बिल्डिंगखाली मांडव, जुन्या गावची माणसं, म्हाताऱ्या बायका. मी स्वयंपाकघरात सुनेला हातभार लावायला गेले. तिने मला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. कुणाला तरी सांगायचं होतं तिला. म्हणाली, रोज भरतीच्या वेळेला उठायचे. कॅलेंडर दिसत नव्हतं, तरी त्यांना कसं कळायचं काय ठाऊक. उठून दाराशी यायचे आणि कुलूप वाजवायचे. पहिले दोन महिने मला शिव्या दिल्या, मुलाच्या अंगावर हात टाकला. मग विनवायला लागले. सासरा होता हो ताई माझा, लग्न होऊन आले तेव्हा त्यांच्या समोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता मी. तो माणूस माझे पाय धरायला खाली वाकायचा. शेवटी शेवटी तर मला आई म्हणायला लागले. ‘आय गो, कुलूप काड. भरती चालली.’ रोज. मी कानात कापूस घालून झोपायचे.

तिने डोळे पुसले आणि म्हणाली, तुम्ही सांगितलंत ते बरोबरच होतं. मग माझ्याकडे न बघता बाहेर गेली.

पंगत बसायच्या आधी मुलगा मला शोधत आला. सगळ्यांसमोर नेऊन उभं केलं. म्हणाला, "ह्या ताई. ह्यांनी सांगितलं नसतं तर बाबा त्याच आवसेला गेले असते. आठ महिने जास्त मिळाले आमाला, ते ह्यांच्यामुळं." आणि त्याने हात जोडले. गावच्या एका म्हातारीने माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. दुसरीने कुणाची गं तू, कुठली, म्हणून विचारलं आणि उत्तर न ऐकताच मला जवळ घेतलं. सून भाताच्या पातेल्यावर वाकली होती, ती वाकलेलीच राहिली.

मी नमस्काराला नमस्कार केला. त्यांनी मला पहिल्या पंगतीत बसवलं, घरच्या माणसांच्या शेजारी. दोघी-तिघींनी पुन्हा पुन्हा येऊन पानात वाढलं, आणि मी कुणालाच नको म्हटलं नाही.